फटकीचं पाणी

सर्वण, डिचोली
ता. २३ नोव्हेंबर १९८६

ती. शुभांगीताईस,
धाकट्या विनिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि राजेशच्या लग्नाचे फोटो पोचले. सहा महिन्यांनी का होईना, पाठवलेस. तुझी सून अर्चना फोटोत फार गोड दिसते. तू मात्र नव्या सासूचा आव आणून अशी ताठ उभी आहेस, की बघून मी आणि आमच्या सासूमाय पोट धरून हसलो. आईकडे पेडण्याला गेले की तिलाही दाखवीन.

परवा आमच्याकडे भलतीच गडबड उडाली. मोगरी गाय सकाळपासून हंबरत होती आणि दूध चोरत होती. सासूमाय गोठ्यात गेल्या, शेपटीखाली काचेसारखी तार लोंबताना बघितली आणि तिथूनच ओरडल्या, की सर्वेश, शाळा राहू दे, आधी गाय नार्व्याच्या वळूकडे ने, संध्याकाळपर्यंत थांबलास तर वेळ निघून जाईल. झालं! आमचे मास्तर इस्त्रीचं खमीस घालून गाय ओढत निघाले. शाळेत उशिराचं कारण काय सांगितलं, ते मला सांगायला तयार नाहीत. गायीच्या बाबतीत सासूमायची नजर आजवर कधी चुकलेली नाही. गावातले लोक त्यांना बोलावून नेतात.

मराठी राजभाषा व्हावी म्हणून यांच्या सभा जोरात चालू आहेत. मी यांना म्हटलं, आपण भांडतो कोंकणीत आणि पत्र लिहितो मराठीत, सरकारला यातलं काय हवं ते उचलू दे. त्यावर दोन दिवस अबोला होता.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. पणजीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या सगळ्या तपासण्या केल्या. दोघांतही काही दोष नाही म्हणाले. मग मूल का नाही, असं मी विचारलं, तर म्हणे काळजी करणं सोडा. काळजी म्हणजे काय बालदी आहे, हातातून खाली ठेवायला? लग्नाला अकरा वर्षं झाली. येत्या चैत्रात मला एकोणचाळीस पुरी होतील. ताई, मला मूल हवं आहे गं. हे मी आता कुणाजवळ बोलत नाही, कारण बोललं की समोरचा माणूस एखादं नवं देवस्थान सांगतो.

सासूमाय दर सोमवारी नार्व्याला सप्तकोटेश्वराला जातात, ते माझ्यासाठीच. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. माझी ती जुनी तक्रार सुरू झाली की मला आपल्या खोलीत घेतात, तळव्यांना तेल चोळतात. पोटच्या मुलीचं कोणी इतकं करणार नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे, पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
विनू


कोल्हापूर
ता. २० डिसेंबर १९८६

चि. सौ. विनूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पेपरात गोव्याच्या बातम्या वाचून जीव थाऱ्यावर नाही. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलीत म्हणतात, बस बंद आहेत म्हणतात. सर्वेशरावांना सांग, सभेला जा पण पुढच्या रांगेत बसू नका. त्यांचा आवाज मोठा आणि अंगकाठी किरकोळ, हे मी लग्नातच बघितलं होतं.

ताठ उभी होते म्हणून हसलीस ना? नऊवारीच्या आत अंग आखडलं होतं, सासूपणा कसला! अर्चना गुणाची आहे. भाकरी करताना घाबरते, आणि मी काही बोलले नाही तर त्याहून जास्त घाबरते.

विनू, तुझ्या पत्रातली एक ओळ मला बोचते आहे. कसली जुनी तक्रार? लग्नाआधी तर तुला काही नव्हतं. पणजीच्या डॉक्टरांना ती सांगितलीस का? की तिथेही मान खाली घालून बसलीस? लहानपणी पायात काटा मोडला तरी तू संध्याकाळपर्यंत सांगायची नाहीस. मला सगळं सविस्तर लिही. मी तुझी बहीण आहे, माझ्याजवळ लाज कसली!

इथून मला काही करता येत नाही. नुसती पत्रं लिहायची आणि पोस्टमनची वाट बघायची. ताबडतोब उत्तर दे.

तुझ्या वाटची माया इथे राखून ठेवलेली,
ताई


सर्वण
ता. १८ जानेवारी १९८७

चिरंजीव सौभाग्यवती शुभांगी बाय हीस,
सर्वणहून पद्मावतीचे अनेक आशीर्वाद. श्री सप्तकोटेश्वराच्या कृपेने इथे सर्व क्षेम.

मी पोथी वाचून वाचून अक्षर शिकलेली बाई, चुकलं तर सांभाळून घे. तुझं पत्र उशिरा आलं. विनिताने वाचलं आणि घडी घालून ठेवलं. तिला लिहायला लाज वाटते, म्हणून मीच लिहिते. मी तिला विचारून लिहिते आहे, चोरून नाही.

तिला धुपणी आहे. लग्न होऊन आली त्या वर्षीच मला तिच्या कपड्यांवरून कळलं. दर महिन्याला बाजूला बसून न्हाली, की आठवड्याभराने सुरू होते. पाण्यासारखी स्वच्छ, चिकट, लांब तार येते. वास नाही, खाज नाही, पण अंगातलं सत्त्वच ना जातं ते? नार्व्याचे जुने वैद्य होते त्यांनी सांगितलं, हिला आतून झीज आहे, म्हणून गर्भ धरत नाही. फटकी, तुमच्याकडे तुरटी म्हणतात ती, पाण्यात उकळून त्या पाण्याने धुवायचं. आणि ती जाते आहे तोवर नवऱ्यापासून वेगळं निजायचं, नाहीतर झीज वाढते, पुरुषालाही बाधते.

अकरा वर्षं मी एक महिना चुकवला नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी मीच उकळते, बालदी न्हाणीत मीच ठेवते. तिची गादी माझ्या खोलीत आणते आणि अंगात जीव येईपर्यंत तेल चोळते. पोर कधी कुरकुरत नाही. माझा सर्वेशही शहाणा आहे, एका शब्दाने विचारत नाही.

आता ते वैद्य वारले. त्यांनी पोटात घ्यायला दिलेली पुडीही संपली. तुमच्या कोल्हापुरात मोठे वैद्य आहेत असं ऐकते. धुपणी मुळापासून बंद करणारी एखादी जालीम पुडी बघून पाठव. मला सत्तरावं लागलं. नातवाचं तोंड बघितल्याशिवाय माझे डोळे मिटायचे नाहीत, आणि मिटले तरी ही पोर एकटी राहील, त्याचं मला जास्त आहे.

मोगरी गाभण राहिली. मुक्या जनावराला देव देतो.

आमच्यावर आहे ती आपुलकी वाढती ठेव.
पद्मावती


कोल्हापूर
ता. १२ फेब्रुवारी १९८७

चि. विनूस,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम सर्वेशरावांच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू एकटी असताना वाच. बसून वाच.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. पुडी आणायला मी वैद्याकडे निघालेच होते. पण आमच्या अर्चनालाही तसंच पाणी जातं आणि तीही घाबरलेली आहे, असं नेमकं त्याच आठवड्यात तिने मला रडत सांगितलं. म्हणून दोघींचं एकदमच विचारावं म्हटलं आणि तिला घेऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. सासूबाईंचं पत्र बरोबर नेलं होतं, ते वाचून दाखवलं.

बाई म्हणाल्या, ही धुपणी नव्हे. हा रोगच नव्हे. पिशवीच्या तोंडाशी बाईच्या अंगात हे पाणी तयार होतं. एरवी ते दाट असतं, दार लोटून घेतल्यासारखं. बीज सुटायची वेळ जवळ आली की तेच पातळ आणि स्वच्छ होतं, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं, ताणलं तरी चटकन तुटत नाही. पुरुषाचं बीज त्याच्यातूनच वर चढतं, त्याच्यातच जगतं. एरवी त्या जागी ते टिकत नाही. महिन्यात मूल राहायचे दिवस म्हणजे हेच थोडे दिवस, बाकीचे नव्हेत. घाण वास आला, खाज आली, रंग बदलला, तर तो रोग.

मी विचारलं, आणि तुरटीचं पाणी? त्या म्हणाल्या, त्याने अंगाला अपायच, पण ते बाजूला ठेवा. नेमक्या त्याच दिवसांत नवरा-बायको वेगळी निजत असतील, तर दुसरं कारण शोधायलाच नको.

विनू, मी तिथल्या तिथे रडले. अर्चनाच माझा हात धरून मला घरी घेऊन आली.

तुला हे लिहू की नको, म्हणून चार दिवस कागद तसाच ठेवला होता. पण तुझ्या हातात अजून वेळ आहे. बाई म्हणाल्या, एकोणचाळीस म्हणजे उशीर आहे, पण दार बंद झालेलं नाही. म्हणून लिहिलं. ते पाणी दिसलं की वेगळी निजू नकोस. दुसरं काहीही करायचं नाही. इतकंच गं, इतकंच!

सासूबाईंना काय उत्तर देऊ ते कळव.

तुझ्यापाशी मनाने बसलेली,
ताई


सर्वण
ता. ८ मार्च १९८७

ती. ताईस,
विनूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. यांनी शाळेतून आणलं, गोठ्यामागे उभी राहून वाचलं. बसून वाच म्हणाली होतीस, पण बसायला शेणाशिवाय काही नव्हतं.

आधी मला हसू आलं. खरंच सांगते, वेड्यासारखी हसले. समोर मोगरी पोट घेऊन रवंथ करत उभी. तिची तार दिसली तर शाळा बुडवून वळूकडे पळवा, वेळ जाईल! आणि माझी तीच तार दिसली तर फटकी उकळा! एकच बाई, तेच डोळे. गायीचं कळलं आणि माझं कळलं नाही. मलाही कुठे कळलं? मी रोज धार काढते, मी नव्हते का बघत? मग हसू थांबेना म्हणून पदर तोंडात कोंबला, आणि मग रडले.

ताई, मला फार राग येतोय. पण तो ठेवू कुठे? वैद्य मेले. पणजीच्या डॉक्टरांनी वेगळं निजता का म्हणून विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. कुणाच्या समोर बोट नाचवू?

यांना वाचायला दिलं. वाचून झाल्यावर म्हणाले, सातवीच्या मुलांना मी दरवर्षी जास्वंद कापून दाखवतो, बघा रे, मधला दांडा वरून चिकट असतो, म्हणून पराग तिथे धरतो. इतकं म्हणून उठले आणि गोठा झाडायला लागले. सकाळीच झाडला होता.

आता माझं एक ऐक. सासूमायना यातलं एक अक्षर कळवू नकोस. तुझ्या पाया पडते. ती बाई सत्तराव्या वर्षी चुलीपाशी वाकून माझ्यासाठी पाणी उकळते. हे कळलं तर ती उभ्या जागी मरेल. त्या तुझ्या पुडीची वाट बघताहेत. पोस्टमन दिसला की जनेलाच्या गजांपाशी येऊन उभ्या राहतात. तू काहीतरी निरुपद्रवी कुटून पाठव. पुडी सुरू केली की मी सांगीन, गुण आला, धुपणी थांबली. मग बालदीही सुटेल आणि गादीही हलवावी लागणार नाही. एवढं खोटं बोलायला देव मला मुभा देईल.

अजून आशा आहे म्हणतेस ना? मग मी धरते.

लोभ असावा असं मागत नाही, हक्काने घेते.
विनू


कोल्हापूर
ता. २ एप्रिल १९८७

चि. विनूस आशीर्वाद.

सोबत पुडी पाठवली आहे. सुंठ, बडीशेप आणि खडीसाखर, घरीच कुटली. वरून लाल कागद लावला आहे, म्हणजे वैद्याची दिसेल. सासूबाईंना वेगळं पत्र लिहिलं, की कोल्हापूरचं औषध आहे, दुधातून द्यायचं, आणि हे चालू असताना फटकी आणि वेगळं निजणं दोन्ही वर्ज्य.

इकडे विशेष काही नाही. ऊन फार आहे. अर्चनाला ते बाधलंय, जेवण जात नाही, सारखी आडवी होते. राजेशला बढती मिळेल असं दिसतं. गोव्याला वेगळं राज्य देणार म्हणतात, मग तुमचा भाव वाढेल, आम्हाला ओळख दाखवशील ना?

महिन्याच्या महिन्याला मला कळवत जा. काही नसलं तरी कळव.

तुझी वाट बघणारी,
ताई


सर्वण
ता. २० सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
विनूचा सा. न. वि. वि.

आधी एक विचारते. अर्चनाला कितवा लागला? एप्रिलमध्ये तिला ऊन बाधलं, जूनमध्ये पित्त झालं, ऑगस्टमध्ये तू तिचं नावच टाकलं नाहीस. मला काय तू दुधखुळी समजतेस? बाई, मी जळणार नाही. जळले तरी तुझ्या सुनेवर नाही. तिला सांग, मावशी आनंदात आहे. हे निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं मी लवकरच खरं करीन.

मोगरी व्याली, पाडी झाली. राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले, त्यातले चार हे खिशात घालून घेऊन आले. बाकी सर्वणात आहे ते आहे, बस अजून वेळेवर येत नाही.

माझं लिहायचं राहिलं, कारण लिहवत नव्हतं. पुडीनंतर दोन महिने आम्ही तू सांगितलंस तसं वागलो. ताई, आम्ही दोघं चोरासारखं जपत होतो. ते पाणी दिसलं की, जिची मला अकरा वर्षं किळस होती त्याच गोष्टीला हात जोडावेसे वाटायचे. तिसऱ्या महिन्यात ते जेमतेम दिसलं. चौथ्या महिन्यात दिसलंच नाही. आणि जुलैत पाळी चुकली.

काय झालं असेल ते तूच ताड. यांनी डिचोलीच्या बाजारातून आवळे आणले, मी मागितले नव्हते. ऑगस्टमध्येही पाळी आली नाही, तेव्हा सासूमायना आईकडे जातो सांगून आम्ही म्हापशाला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, लघवी तपासली, मग मला जवळ बसवलं. काही राहिलेलं नाही म्हणाल्या. पाळी जायला लागली आहे. एखादीला लवकर जाते, तशी. पुन्हा एखाददुसऱ्या वेळी येईल, पण ते पाणी आता नीटसं येणार नाही, आणि ते नाही म्हणजे बीजही जवळजवळ संपत आलं. मी विचारलं, औषध? त्या म्हणाल्या, नाही.

परत येताना बसमध्ये हे माझ्याकडे बघत नव्हते. माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते, जणू तीच कोणी हिसकावून नेईल.

जे इतकी वर्षं बालदीने धुऊन टाकलं, त्याची आता मी वाट बघते आणि ते येत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? सासूमाय मात्र खूश आहेत. धुपणी थांबली ना! तुझ्या पुडीचं गुणगान गावभर करतात. मी मान डोलावते.

तुझ्या मायेवर ओझं टाकते आहे, उचल.
विनू


सर्वण
ता. १० जानेवारी १९८८

चि. सौ. शुभांगी बाय हीस,
पद्मावतीचे अनेक आशीर्वाद.

पणजी झालीस म्हणणार होते, पण तू अजून आजीच आहेस, म्हाताऱ्या बाईची गंमत समज. राजेशला मुलगा झाल्याचं वाचून डोळे भरले. बाळाला नार्व्याचा अंगारा पाठवते. टोपडं विनिताने शिवलं, तीन रात्री बसली होती.

बाय, आता मी तुला जे सांगते ते तुझ्याजवळच ठेव, दृष्ट लागेल. तुझ्या पुडीने धुपणी मुळापासून गेली. एवढंच नाही. पावसाळ्यात दोनदा चुकली, मग एकदा बसली; पण दिवाळीपासून विनिता बाजूला बसलेली नाही. ती तोंडाने सांगत नाही, विचारलं तर विषय बदलते. पण मी इतक्या गायी बघितल्या, मला कळत नाही का? लाजत असेल, किंवा भीत असेल की बोललं तर विरघळेल. मीही तिला जड उचलू देत नाही, विहिरीवर मीच जाते. पाडीच्या आईचं पहिलं तूप वेगळं काढून ठेवलं आहे. ओटी भरायला तुला यावंच लागेल.

आणखी एक काम. शेजारच्या लक्ष्मीने नवी सून आणली, सुलोचना. वीस वर्षांची पोर, तिलाही अशीच तार जाते. लक्ष्मीने मला विचारलं. मी तिला फटकीचं पाणी कसं उकळायचं ते दाखवलं आणि वेगळं निजायला सांगितलं, पुडी येईपर्यंत तेवढंच. तेव्हा तिच्यासाठीही एक पुडी पाठव. आमच्या घरात उजेड आला तसा तिच्याही येऊ दे.

देवाने तुला भरभरून द्यावं, आणि तू आम्हाला विसरू नये.
पद्मावती


सर्वण
ता. ३१ जानेवारी १९८८

ती. ताईस,
विनूचा सा. न. वि. वि.

सासूमायचं पत्र तू शाळेच्या पत्त्यावर मला पाठवलंस आणि सोबत एक ओळही लिहिली नाहीस. बरं केलंस. काय लिहिणार होतीस!

विहिरीवर त्या का जातात ते मला माहीत होतं. तूपही माहीत होतं. ते मी सोसलं असतं. वर्षभर गेलं असतं, त्यांचं त्यांनाच उमगलं असतं, आणि त्या मला काही न विचारता गप्प राहिल्या असत्या. पण सुलोचना परवा कुंपणापाशी आली. हातात बालदी, तोंड उतरलेलं. हळूच म्हणाली, काकी, तुम्हाला किती वर्षांनी गुण आला हो?

मग मी सांगितलं. गोठ्यातच, धार काढताना. त्यांच्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून मोगरीच्या कुशीला कपाळ टेकून सगळं बोलले. पुडीत काय होतं तेही. म्हापशाला बाईंनी काय सांगितलं तेही. सगळ्यात शेवटी सुलोचनेचं.

त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मोगरीच्या शेपटीला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, गायीला जशी येते तशीच होती गो ती. मी रोज बघत होते. बस, इतकंच. मी म्हटलं, तुम्ही मायेनेच केलंत. त्यावर म्हणाल्या, मायेनेच केलं, म्हणूनच तू कधी नाही म्हटलं नाहीस.

मग पदर सावरून तशाच लक्ष्मीकडे गेल्या. मी थांबवलं नाही. काय बोलल्या मला माहीत नाही, पण लक्ष्मीचा चढा आवाज आमच्या अंगणापर्यंत ऐकू आला, सासूमायचा एकदाही आला नाही. परत आल्या तेव्हा सुलोचनेकडची फटकी हातात होती. ती आणि घरातली, दोन्ही माडाच्या आळ्यात खोल पुरली. तांब्याचं भांडं चिंचेने घासलं आणि उपडं घातलं.

दिवेलागणीला मी तांदूळ निवडत होते. बघते तर काय, मी पोटुशी समजून दिवाळीनंतर त्यांनी माझी गादी पुन्हा आपल्या खोलीत नेली होती ना, भिंतीला लावलेली, ती त्या एकट्याच ओढत आणत होत्या. हे उठले, तर यांना हाताने बाजूला केलं. आमच्या खोलीत नेऊन यांच्या अंथरुणाला लावून घातली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या, उशी ठेवली. गादीसोबत आलेली तेलाची वाटी तेवढी परत घेऊन गेल्या.

आता तिथे गादी घालून काय उपयोग, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. जेवणं झाल्यावर त्यांच्या खोलीत गेले, ती वाटी घेतली आणि त्यांचे तळवे चोळायला बसले. त्यांनी पाय ओढून घेतले. मी पुन्हा धरले. तेव्हा कुठे त्या रडल्या.

अर्चनाच्या बाळाला बघायला आम्ही तिघंही येऊ. सासूमाय येणार नाही म्हणतात, पण मी आणीन. त्यांच्या मांडीवर बाळ दे, आणि पुडीचं कोणीही काही काढू नका.

तुझी माया पुरवून पुरवून वापरते आहे, अजून लागेल.
तुझी,
विनू